बत्तीस हिस्सेदार

रत्नागिरीचा माणूस दोन गोष्टींना सहसा हात लावत नाही. एक सामाईक जमीन आणि दुसरी दुखरी दाढ. दोन्हींच्या बाबतीत त्याचं धोरण एकच असतं, चाललंय तसं चालू दे. हात लावला की खर्च निघतो, आणि खर्च करून पदरात काय पडतं, तर खड्डा.

तरीही दर वर्षी एक जानेवारी उगवतो. हवेत जराशी थंडी असते, कलमांना मोहर फुटलेला असतो आणि माणसांना संकल्प. भाट्याच्या किनाऱ्यावर पहाटे इतकी माणसं चालायला येतात की समुद्राला वाटावं, आज इथे कुणाची सभा आहे. दहा-बारा तारखेपर्यंत गर्दी ओसरते आणि किनारा पुन्हा कुत्र्यांच्या आणि जुन्या, मुरलेल्या मधुमेहींच्या ताब्यात जातो. चालणं, साखर सोडणं, जमाखर्च लिहिणं हे संकल्प पिढीजात आहेत. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे, दातांची निगा. हा संकल्प इथे उगवत नाही, मुंबई-पुण्याहून येतो. नाताळच्या सुट्टीत आलेली लेक वडिलांच्या तोंडात डोकावते, "बाबा, अहो हे काय करून ठेवलंय!" म्हणते आणि जाताना चार्जिंगचा ब्रश ठेवून जाते. एक तारखेला तो ब्रश घुर्रर्र वाजतो, मांजर माळ्यावर पळतं, आणि दोन तारखेपासून ब्रश शोकेसमध्ये, नातवाच्या वक्तृत्वस्पर्धेच्या चषकाशेजारी. विचारलंच कुणी तर उत्तर तयार असतं, "रोज वापरून खराब कशाला करायचा?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. जवळजवळ निम्मं जग. हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला असतो, पण आमच्याकडे त्याचा परिणाम उलटा होतो. मारुती मंदिराच्या कट्ट्यावर एकाने तो वाचून दाखवला, तेव्हा दुसरा समाधानाने म्हणाला, "म्हणजे आपलं एकट्याचं नाही तर!"

तोंडाचं खरं दुखणं समजायला रत्नागिरीकराला वैद्यकाची पुस्तकं नकोत, सातबारा पुरे. वरच्या आणि खालच्या दोन्ही तुकड्यांत मिळून बत्तीस हिस्सेदार. पुढचे सहा-आठ रस्त्याला लागून, म्हणून त्यांना भाव. त्यांची रंगरंगोटी रोज होते, कारण येणारा-जाणारा त्यांनाच बघतो. मागच्या दाढा या मुंबईला राहणाऱ्या हिस्सेदारांसारख्या. कष्ट सगळे त्यांच्या माथी, पण वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही, आणि एक दिवस एकदम नोटीसच येते. दोन दातांच्या मधे जो बांध असतो तो कुणाच्याच मालकीचा नसतो, त्यामुळे तिथला कचरा काढायचा कुणी, यावर एकमत होत नाही. आणि बाकीच्या सगळ्यांची वाटणी होऊन, मोजणी होऊन, सगळं सुरळीत झाल्यावर अठराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान अक्कलदाढ येते आणि म्हणते, माझंही नाव लावा. जागा नसते. मग ती आडवी शिरते आणि शेजाऱ्याला ढोसत राहते. बऱ्याचदा हे प्रकरण तडजोडीने मिटत नाही, काढूनच टाकावी लागते.

आता या बत्तीस जणांची रोजची व्यवस्था कशी चालते ते पाहा. आमच्याकडे दात घासणं हे न्हाणीघरात उरकायचं काम नाही. तो पहाटेचा फेरफटका आहे. ब्रश तोंडात गेला की माणूस पडवीतून अंगणात येतो. आधी पंप चालू होतो. मग पोफळींच्या बुंध्याशी पाणी पोचलं का हे बघणं. मग रात्री वांदरांनी काय काय तोडलं याची पाहणी. तेवढ्यात गडग्यापलीकडे शेजारी उभा, त्याच्याही तोंडात ब्रश. दोघेही फेस सावरत हनुवटी वर करून बोलतात, त्यामुळे सगळे शब्द स्वरांनीच बनलेले असतात. तरी दोघांना सगळं कळतं, कारण विषय ठरलेला असतो. ओल्या काजूगराचा दर, ग्रामपंचायत आणि गडगा नेमका कुणाच्या हद्दीत आहे. या सगळ्याला पाऊण तास लागतो. दंतवैद्य दोन मिनिटं घासा म्हणून सांगतात, इथे पाऊण तास ब्रश तोंडात असतो. पण तो असतो डाव्या गालात, मुक्कामाला. उजव्या बाजूच्या दाढांना त्याचं दर्शन शेवटच्या दहा सेकंदांत होतं, तेही जाता जाता. मग विहिरीपाशी एक जंगी खाकरणं होतं, ते दोन घरं पलीकडे ऐकू जातं, आणि दात घासून झाले असं जाहीर होतं.

असं असूनही आमच्या पूर्वजांचे दात भक्कम होते, हे वाक्य या विषयावर बोलताना कुणीतरी म्हणतंच. पूर्वजांची पद्धत खरोखर पाहण्यासारखी होती. आंब्याचं पान तोडायचं, धुवायचं, दुमडून दातांवर फिरवायचं आणि शेवटी त्याच पानाचा मधला देठ चिरून जीभ खरवडायची. ब्रश, पेस्ट आणि जीभ साफ करायची पट्टी हे तिन्ही एका पानात, आणि वापरून झाल्यावर कलमाच्या मुळाशी टाकलं की खत. जिथे हापूसची कलमं माणसांपेक्षा जास्त, तिथे ही सोय फुकट होती आणि फुकट या शब्दापुढे रत्नागिरीत कुठल्याही शास्त्राचं काही चालत नाही. मग गोवरीची राखुंडी, मग माकडछाप काळं दंतमंजन, जे लावल्यावर माणूस काही मिनिटं भुतासारखा दिसे आणि लहान मुलं मुद्दाम आरशापुढे जाऊन हसत. पुढे केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विकोची वज्रदंती आली आणि देशी माणसाला देशी पेस्टचा अभिमान मिळाला. तरी दुकानात मागताना "एक विकोचं कोलगेट द्या" असंच मागणारे होते आणि दुकानदारही न हसता देत असे.

ब्रशाची वंशावळ मात्र पूर्वजांना सांगण्यासारखी नाही. नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत १९३८ साली आला. त्याआधी विलायती ब्रशाला बहुधा डुकराचे केस असत. सोवळ्यात जेवणाऱ्या आजोबांना ही माहिती वेळेवर मिळाली नाही हे बरं, नाहीतर अख्खं घर पुन्हा आंब्याच्या पानावर आलं असतं.

पूर्वजांच्या भक्कम दातांचं कारण पानात कमी आणि पानावर जास्त होतं. साखर महाग होती, गूळ मोजून मिळे आणि दोन जेवणांच्या मधे खायला घरात काही नसे. शिवाय ज्यांचे दात पन्नाशीतच पडले त्या पूर्वजांनी फोटो काढताना तोंड मिटून घेतलं, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत.

आताची अडचण अशी की रत्नागिरीचं पंचांगच दातांच्या विरुद्ध लिहिलेलं आहे. एक जानेवारीचा संकल्प जेमतेम दोन आठवड्यांचा होतो आणि संक्रांत येते. तिळगुळाची वडी पाकात एक तार जास्त झाली की दगड होते. ती देताना गोड बोलायला सांगतात, कारण ती चावल्यावर काही काळ बोलणंच बंद होतं. किती तरी दाढांतलं जुनं सिमेंट या सणाला तिळासकट गिळलं गेलेलं आहे. मग माघी गणपती आणि मोदक. मग शिमगा, दारात पालखी, घरात पुरणपोळी. मग पाडवा. हे आपलं खरं नववर्ष, म्हणून जानेवारीत मोडलेला संकल्प इथे पुन्हा उभा राहतो. सकाळी कडुलिंबाचं पान चावून तोंड कडू केलं जातं, दातांना वाटतं, चला, आता तरी बरे दिवस आले. आणि दुपारी पानात श्रीखंड.

त्यानंतर हापूस येतो आणि सगळे संकल्प दोन महिने तहकूब होतात. हापूसचा एक गुण दातांच्या बाजूचा आहे, त्याला धागे नसतात. रायवळ आंब्याचं तसं नाही. रायवळ चोखून खाल्ला की पुढचे दोन तास घरातली सगळी मंडळी गंभीर चेहऱ्याने जिभेने कसला तरी शोध घेत असतात. शोध लागला की हत्यार शोधलं जातं. खराट्याचा हीर हे कोकणातलं सर्वात जुनं दंतशस्त्र. अंगण झाडलेल्या खराट्यातून एक हीर उपसायचा, पंच्याला पुसायचा, तो दुमडायचा, टोक काढायचं आणि डोळे मिटून कोरत बसायचं. हीर न मिळाल्यास आगपेटीची काडी, काडी न मिळाल्यास बांगडीतली पिन. याच कामासाठी धाग्याची छोटी डबी औषधांच्या दुकानात मिळते, फ्लॉस म्हणतात. दातांच्या मधल्या त्या बेवारस बांधाची साफसफाई करायला खरी तीच. पण आमच्याकडे तिचं पुढे काय होतं? एका घरात ती पाहिली, तर आजीने त्या धाग्यात अबोलीचा वळेसर ओवला होता. "बारीक आहे पण तुटत नाही हो," असं प्रशस्तिपत्रकही दिलं. त्यांना दात नव्हते, त्यामुळे त्यांचंच बरोबर होतं.

मे महिन्यात चाकरमानी येतात आणि फणस फोडले जातात. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून डबे उघडतात. आंब्याची साठं, फणसपोळी, आवळकाठी, भाजलेल्या आठळ्या. मग गणपती, म्हणजे उकडीचे मोदक, आणि आरतीला जाल त्या घरी प्रसाद. मग दिवाळी, मग जत्रा आणि गुळात घोळलेलं, आलं लावलेलं खाजं. तोवर डिसेंबर येतो आणि लेक पुन्हा तोंडात डोकावते.

इथे एक शास्त्राची गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या सोयीची आहे. दात किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याचा हिशेब जास्त ठेवतात. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दातावरचं कवच विरघळवतं. हे कवच म्हणजे शरीरातला सर्वात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण, पण एकदा गेलं की पुन्हा येत नाही. लाळ त्या आम्लाला हळूहळू शमवते, त्याला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे दुपारच्या जेवणात दोन हापूस ओरपणारा माणूस एकदाच गुन्हा करतो. पण आंबापोळीचा तुकडा खिशात ठेवून दर अर्ध्या तासाने चिमटी तोंडात टाकणारा, किंवा एसटी स्टँडवर प्रत्येक ओळखीच्या माणसाबरोबर एकेक गोड कटिंग घेणारा, लाळेला दिवसभर रजाच देत नाही. आणि आंबापोळी दाढेच्या खाचेत अशी चिकटून बसते की बेदखल करायला कोर्टाचा हुकूम लागावा. तेव्हा खायचं ते पानावर बसून, पोटभर, एकदाच. सोडायला कुणी सांगत नाही. हापूस सोडा असं सांगणारा दंतवैद्य रत्नागिरीत दवाखाना चालवू शकणार नाही.

आंबटाचं तेवढं पथ्य आहे. कैरी, करवंदं, कोकमाचं आगळ यांनी दात आंबतात, म्हणजे कवच तात्पुरतं मऊ पडतं. लगेच ब्रश घेऊन घासलं तर त्या मऊ थराचीच साल निघते. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, अर्धा तास जाऊ द्यावा, मग घासावं. सोलकढी पिऊन लगेच ब्रशाकडे धावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण नवीन संकल्पाच्या भरात माणूस काय करील सांगता येत नाही.

एवढं करून दाढ दुखायला लागलीच, तर आधी घरातलं मंडळ बसतं. पहिला ठराव लवंगेचा. तो चुकीचा म्हणता येत नाही, लवंगेच्या तेलात दुखणं बधिर करणारं युजेनॉल असतं आणि ते दंतवैद्यांच्या सिमेंटातही वापरलं जातं. दुसरा ठराव मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा. तिसरा शेजारून येतो, तंबाखूची चिमूट धर. चौथा औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याचा, ही गोळी न्या, सगळे हीच नेतात. मग तारीख पडते. "आंबा संपू दे, मग बघू." आंबा संपल्यावर "लावणी उरकू दे", लावणी उरकल्यावर "गणपती होऊन जाऊ देत". आणि मधेच एक दिवस चमत्कार होतो, दाढ दुखायची आपोआप थांबते. "बघ, गेलो असतो तर फुकटचे पैसे गेले असते!" घरात विजयाचं वातावरण. खरं म्हणजे दाढेतली नस मेलेली असते. तक्रार करणारा गेला म्हणून तक्रार थांबली, आतलं सडणं चालूच. मग ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री गाल सुजतो आणि यजमान उपरणं गालाला बांधून गणपतीला सामोरे जातात.

दवाखान्यात न जाण्याच्या समर्थनार्थ दोन पुरावे कायम सादर होतात. एक, वरची दाढ काढली की डोळा जातो. डोळ्याचा आणि दाढेचा असा काही संबंध नाही. वरची दाढ काढायच्या वयात चष्म्याचा नंबरही वाढतच असतो, एवढंच. दुसरा, दात साफ करून घेतले की हलायला लागतात. तर दाताच्या मुळाशी वर्षानुवर्षं साचलेलं कीटण दगडासारखं घट्ट झालेलं असतं आणि त्याच्यामुळे हिरडी मागे हटलेली असते. अतिक्रमण काढल्यावर खरी हद्द दिसते, त्याचा दोष मोजणीदाराला देऊ नये. मधुमेह असेल तर हिरड्यांचं दुखणं आणखी बळावतं आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. हे भाट्यावर चालणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावं.

खुर्चीत बसल्यावर रत्नागिरीकराचा खरा छळ सुरू होतो, आणि तो सुईचा नव्हे. डोक्यावर दिवा, तोंडात दोन नळ्या, कापूस, आरसा, आणि अशा वेळी डॉक्टर आपुलकीने विचारतात, "काय, यंदा आंब्याचं काय म्हणतंय?" ज्या प्रश्नावर माणूस मोहर, थ्रिप्स, अवकाळी पाऊस, वाशीचा दलाल आणि पेटीचा भाव असं सविस्तर दोन तास बोलू शकतो, तो प्रश्न नेमका तोंड उघडं असून बंद असताना येतो. "आं... आं," एवढंच उत्तर निघतं. डॉक्टर म्हणतात, "हो का? वा!"

दुसरं म्हणजे तिथे खोटं चालत नाही. लोकमान्य टिळक रत्नागिरीचे, १८५६चा जन्म. शाळेतल्या शेंगांच्या टरफलांची त्यांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो आणि तेव्हापासून 'मी खाल्ल्या नाहीत' हे बाणेदारपणे सांगायची सवय प्रत्येकाला लागलेली आहे. दंतवैद्यापुढे हा बाणा टिकत नाही. गोड खात नाही म्हणालात, तर दाढ आत बसूनच साक्ष फिरवते.

आता थोडं कडू. आमच्याकडे मशेरी हा प्रकार दंतमंजन समजला जातो. तंबाखू तव्यावर काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावून बसायचं. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही आणि शेजारणीशी गप्पा रंगत नाहीत, असे तिचे तीन फायदे सांगितले जातात. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण बंदी कारखान्याला. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, आणि जिन्यांचे कोपरे अजून लालच आहेत.

सुपारीचं तर विचारूच नका. बागेतली पोफळ, घरचं फळ, अडकित्ता आजोबांचा. "आपल्यात तंबाखू नाही हो, नुसती सुपारी," हे वाक्य इथे सात्त्विकतेचा दाखला म्हणून वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोगाला कारण होते असं स्वच्छ लिहिलं आहे. सतत सुपारी चघळणाऱ्याचा गाल आतून ताठरत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी पाहायचं असेल तर आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर, आंबा संपायची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालय गावातच आहे आणि जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे. सुपारी विकावी, तिच्यावर मुलं शिकवावीत, पण खाऊ नये.

राहता राहिला संकल्प. संकल्प मोडतात, कारण ते फार मोठे असतात आणि त्यांना दिवसात स्वतःची जागा नसते. म्हणून दातांचा संकल्प एकच करावा, रात्रीचा. सकाळचं घासणं जगासाठी असतं, तोंडाला वास येऊ नये म्हणून. रात्रीचं घासणं दातांसाठी. झोपेत लाळ कमी होते, म्हणजे जिवाणूंना आठ तास रान मोकळं. पण नेमकं रात्रीच आपल्याला वाटतं, आता कोण बघतंय? शिवाय बांगड्याच्या तिखल्याची तिरफळं घातलेली चव जिभेवर असताना तिच्यावर पुदिन्याचा फेस फिरवणं हे जिवावर येतं, हेही खरं.

त्यावर उपाय घरातच आहे. रत्नागिरीच्या घरात रात्री झोपण्याआधी एक काम कधीही चुकत नाही, दुधाला विरजण लावणं. पाहुणे असोत, ताप असो, वीज गेलेली असो, विरजण लागतंच. विरजणातले जिवाणू आणि दात किडवणारे जिवाणू एकाच कुळातले आहेत. भांड्यात ते रात्रभर दुधातल्या साखरेचं आम्ल करून सकाळी दही देतात. तोंडात मोदकाच्या गुळाचं तेच करतात, फक्त सकाळी मिळतं ते दही नसतं. तेव्हा विरजण लावलं की ब्रश घ्यायचा, एवढी एकच गाठ मारून ठेवावी. भांड्यात विरजण लावा, तोंडात लावू नका.

बाकीची माहिती मोठी नाही. फ्लोराइडची पेस्ट, आणि तीही वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट सोडतात ती पेस्ट खपावी म्हणून. याबाबतीत ट्यूब लाटण्याने लाटून, मग कात्रीने कापून शेवटचा वाटाणा काढणारा कोकणी माणूस विज्ञानाच्या पुढे होता. तीन वर्षांखालच्या नातवाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. ब्रश मऊ घ्यावा, हिरडीकडे तिरका धरावा, जोर लावू नये, दात म्हणजे तांब्याचा बंब नव्हे. दोन मिनिटं घासावं, सुरुवात मुंबईच्या हिस्सेदारांपासून करावी आणि रस्त्याकडेचे शेवटी. घासून झाल्यावर थुंकावं, पण बादलीभर पाण्याने खळखळून धुऊ नये, नाहीतर फ्लोराइडही वाहून जातं. आणि हे सगळं आरशापुढे उभं राहून करावं, बागेत नाही.

ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा असतो. तारीख लक्षात राहत नाही म्हणून आमच्याकडे ब्रशाला निवृत्तीच नाही. त्याचे केस चारी दिशांना पांगले तरी त्याची सेवा चालू, आणि नंतर त्याला बर्नर घासायला ठेवतात. तर ज्या पंचांगाने दातांचं वाटोळं केलं त्यालाच कामाला लावावं. संक्रांत, अक्षय्य तृतीया, गणपती आणि दिवाळी, या चार सणांना घरातल्या प्रत्येकाला नवा ब्रश. कपड्यांपेक्षा स्वस्त पडतो.

आणि वर्षातून एकदा, दुखत नसताना, दंतवैद्याकडे जाऊन यावं. पावसाळ्यात लावणी उरकली की जावं, तेव्हा तसंही दुसरं काम नसतं. सामाईक जमिनीचा निकाल तुमच्या हयातीत लागेल असं मी सांगत नाही, पण दातांचं प्रकरण अजून तुमच्या हातात आहे. पहिले दात देव फुकट देतो, ते पडल्यावर दुसरे एकदा फुकट देतो. तिसऱ्यांदा येतात ते पैसे मोजून, आणि रात्री वाटीत काढून ठेवावे लागतात. तेव्हा आज विरजण लावलंत की ब्रश घ्या.